मोडलेल्या गाड्यांचे काका

पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं. मोबाईलची काच तडकलेली होती.

"मांडीवरून पडला," ते म्हणाले. "रिक्षातून उतरताना."

मी दारातच थांबले. मोबाईल खरोखरच रिक्षातून उतरताना मांडीवरून पडला होता, आणि ते बघायला तिथे कोणी नव्हतं.

"हातातून पडला असता तर कोपरा असा गेला नसता. असो, काचेला घसारा नाही. आत या."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्या दिवशी त्यांच्या बायकोच्या गुडघ्यांना व्यायाम शिकवायला म्हणून भाईंदरमधल्या नवघरच्या त्या घरी गेले होते. गुडघे सुधारले, आणि काकूंनी मला आपली मागची खोली भाड्याने दिली. त्या घरात मी लग्न होईपर्यंत राहिले. मुंबईच्या बाजूला माझं स्वतःचं असं कोणी नव्हतं. माणगावपासून आत असलेल्या आमच्या गावातून कॉलेज पूर्ण केलेली आमच्या घरातली मी पहिलीच. या दोघांचं माझ्यावर जे ऋण आहे ते फिटणारं नाही, आणि काकांबद्दल लिहायचं ते त्यांची चेष्टा करण्यासाठी नाही. पण चेष्टा टाळून त्यांच्याबद्दल लिहिणंही कठीण आहे.

काका मोटार सर्व्हेअर होते. गाडीला अपघात झाला, मालकाने विम्याचे पैसे मागितले, की नुकसान खरं किती आणि कसं झालं हे बघायला जो माणूस येतो तो. गिरगावातून भाईंदरला राहायला आले तेव्हाही ते हेच करत होते आणि निवृत्त झाल्यावरही मनातून हेच करत होते. मोडलेल्या जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसवला, तर कंपनी जुनेपणाचे पैसे कापून घेते. तोच तो घसारा. रबर आणि प्लास्टिकचा निम्मा कापतात, काचेचा काहीच नाही. हा नियम काकांनी साऱ्या सृष्टीला लावला होता. सोफ्याच्या उश्या, शेजाऱ्यांची मैत्री, नगरसेवकाची आश्वासनं, सगळ्याला त्यांच्याकडे टक्केवारी होती.

"डॉक्टर, हिच्या गुडघ्यात घसारा किती धरायचा?" ते मला विचारत. मी डॉक्टर नाही हे मी कित्येकदा सांगितलं, पण ते मला डॉक्टरच म्हणत.

"तुमच्या डोक्यात आहे तेवढाच धरा," काकू आतून म्हणत.

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे 'विदाउट प्रेज्युडिस'. सर्व्हेअरच्या रिपोर्टाखाली हे शब्द असतात. मी बघितलं ते लिहिलं, याचा अर्थ कंपनी पैसे देणारच असा नाही, असा त्यांचा मतलब. काका ते घरातही वापरत. "विदाउट प्रेज्युडिस सांगतो, आमटीत मीठ कमी आहे." म्हणजे मीठ कमी आहे, पण या विधानावरून त्यांना कोणी जबाबदार धरू नये. काकू मिठाची बरणी त्यांच्यासमोर ठेवत आणि म्हणत, "घाला, आणि सही पण करा."

शेजारच्या गुजराती बेननी ढोकळा दिला की डबा परत करायच्या आधी काका त्याचे चार बाजूंनी फोटो काढत. पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून. मी एकदा विचारलं, "काका, डब्याचे फोटो कशाला?"

"उद्या त्या म्हणाल्या की पोचा तुमच्याकडे आला, तर?"

"तुम्ही त्यांना फोटो दाखवणार?"

ते जरा विचारात पडले. "दाखवणार नाही. पण माझ्याकडे असेल."

सकाळी सोसायटीतली बाकीची मंडळी बागेभोवती फेऱ्या मारत. काका उभ्या गाड्यांभोवती मारत. हात पाठीमागे, मान थोडी वाकडी. गाडीवरच्या ओरखड्यांवरून ते माणसं ओळखत. "हा डावीकडे बघतच नाही." "ही गाडी दोघं चालवतात, आणि एकाने दुसऱ्याला सांगितलेलं नाही." पहिल्या महिन्यात मला हे सगळं थापा वाटायचं. नंतर मी त्यांच्याबरोबर फेऱ्या मारू लागले. माणसाच्या चालण्यावरून त्याचं दुखणं कुठे आहे ते ओळखायला मी शिकत होते, आणि इथे एक माणूस पत्र्यावरून तेच करत होता.

एकदा खाली मोठं भांडण लागलं. किराणावाल्या शेठच्या नव्या गाडीच्या दाराला पोचा आला होता आणि शेठ शेजारी गाडी लावणाऱ्या टॅक्सीवाल्याची गचांडी धरायच्या बेतात होता. वॉचमन मध्ये उभा. काका गेले, गुडघ्यावर बसले, जमिनीपासून पोच्यापर्यंत वीत टाकली, मग टॅक्सीच्या बंपरपर्यंत टाकली.

"शेठ, आवाज कैसा आया था? कुछ सुना?"

"आवाज? मैं तो ऊपर सो रहा था, काका."

"मैंने सुना," वॉचमन म्हणाला. "टन्न करके आया."

"टन्न?" काका उठले. "फिर टॅक्सी नहीं है. टॅक्सी का बंपर प्लास्टिक का है, वो धप्प करता है. लोहा लाओ."

लोखंड सापडलं. सोसायटीची कचऱ्याची ट्रॉली. तिचा कोपरा पोच्यात अगदी बसला. ट्रॉली सोसायटीची, म्हणून शेठला आता भांडायचं कोणाशी हे कळेना, आणि टॅक्सीवाल्याने सगळ्यांना चहा पाजला. मला त्यातलं एकच लक्षात राहिलं. इतकी माणसं काय दिसलं ते विचारत होती, आणि काकांनी ऐकू काय आलं ते विचारलं.

असा हा माणूस स्वतः गाडी चालवत नसे. शिकलाच नव्हता. कोणाच्या गाडीत बसायची वेळ आली तर मागे, ड्रायव्हरच्या पाठीशी बसे. "पुढच्या सीटवर काय काय होतं ते मी बघितलंय," एवढंच म्हणत.

मला गाडी घ्यावी लागली ती चेण्याच्या एका आजींमुळे. त्यांची एक बाजू लुळी पडली होती. घोडबंदर रोडवरून आत चेण्याला जायला रिक्षा मिळायची, परत यायला मिळायची नाही. मुर्ध्याला, राईलाही पेशंट होते. शेवटी मीरा रोडच्या एका डीलरकडे एक लहान, आठ वर्षं वापरलेली गाडी बघितली. चालवायला मी नुकतीच शिकले होते.

"मॅडम, इन्शुरन्सचं टेन्शनच नाही," डीलर म्हणाला. "जुन्या मालकाची पॉलिसी चालू आहे ना. त्याचा नो क्लेम बोनस पण आहे, सगळा तुम्हालाच. सस्ते में काम."

मी आनंदाने घरी येऊन सांगितलं. काकांनी पेपर खाली ठेवला.

"म्हणजे दुसऱ्याची मार्कशीट घेऊन तू नोकरी मागणार."

मग त्यांनी मला समजावलं. गाडी नावावर झाली आणि पॉलिसी जुन्याच्याच नावावर राहिली, तर मी ज्याला धडक देईन त्याला भरपाई मिळेल, माझ्या गाडीला एक पैसा मिळणार नाही. आणि वर्षभर क्लेम न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात जी सूट मिळते, ती गाडीला नसते, माणसाला असते. "त्याने सांभाळून चालवली ते त्याचं पुण्य. तू अजून चालवलीच नाहीस. तुझ्याकडे ना पाप ना पुण्य."

सगळं होईपर्यंत गाडी हलवायची नाही असं ठरलं. डीलरचा माणूस ती आमच्या आवारात आणून लावून गेला. संध्याकाळी मी उभ्या गाडीत बसून क्लच-ब्रेकचा सराव करायची आणि काका मागच्या सीटवर बसून पेपर वाचायचे. येणारेजाणारे हसायचे. वॉचमन गाडीला सलाम ठोकून विचारायचा, "मॅडम, कहाँ तक पहुँचे?"

स्वस्त विमा शोधणं हे एक वेगळंच शिक्षण निघालं. एका वेबसाइटवर मी माझा नंबर टाकला आणि त्यानंतर दिवसभर फोन. पेशंटचा पाय हातात धरलेला असताना फोन, जेवताना फोन. माझी खरी भीती वयाची होती. परदेशातल्या एका व्हिडिओत मी ऐकलं होतं की तरुण ड्रायव्हरला विमा फार महाग पडतो.

काका हसले. "आपल्याकडे सहसा गाडीचं वय विचारतात, ड्रायव्हरचं नाही. इंजिन केवढं, गाडी किती जुनी, एवढ्यावर बेतलेलं असतं. तू किती कच्ची आहेस ते कंपनीला माहीतच नाही. मला माहीत आहे."

एका ठिकाणी हप्ता बराच कमी दिसला म्हणून मी त्यांना दाखवला. त्यांनी बोटाने वरची ओळ दाखवली. कंपनीने माझ्या गाडीची किंमतच कमी धरली होती. चोरीला गेली तर तेवढीच मिळाली असती. "हे स्वस्त नाही. हा लहान विमा आहे." मग त्यांनी मला एकेक जास्तीची गोष्ट काढून टाकायला लावली. किल्ली हरवली तर मिळणारी भरपाई काढली. "किल्ली हरवणारी तू नाहीस." लहानसहान खर्च मी स्वतः सोसायचा असं लिहिलं, त्याने हप्ता आणखी उतरला. "पहिल्या वर्षी गाडी खरचटणारच. ते सोस. मोठं झालं तर कंपनी आहे." शेवटी आकडा असा आला की मला तो झेपणार होता. मी इतकी खूश झाले की काकूंनी शिरा केला.

"हं, मालकाचं नाव?" काकांनी लॅपटॉप पुढे ओढला.

मी बाबांचं नाव सांगितलं.

माझे बाबा गवंडी आहेत. आमच्याकडे घरातली पहिली गाडी बापाच्या नावावर घेतात. गावातून शहरात आलेल्या आमच्या भाऊबंदांतल्या प्रत्येक मुलाने तेच केलं होतं, आणि ते बापलोक गावात गाडीच्या नोंदणीचं कार्ड खिशात घालून फिरायचे. मी मुलगी असून माझ्या बापाच्या खिशात ते कार्ड असावं, हे मी तालुक्याच्या हॉस्टेलवर असतानाच ठरवलं होतं.

काकांनी लॅपटॉप मिटला. "बोलावून घे त्यांना. मालकाशी बोलल्याशिवाय मी सर्व्हे करत नाही."

बाबा रविवारी आले. पांढरा शर्ट, पिशवीत नारळ, लिंबू आणि काकूंसाठी घरचे कडवे वाल. आधी खाली जाऊन त्यांनी गाडीवरून हात फिरवला, जसा ते नव्या गिलाव्यावरून फिरवतात. पूजा जेवण झाल्यावर करायची ठरली. पानं वाढली आणि काकांनी सुरुवात केली.

"लायसन आहे का तुमच्याकडे?"

"कसलं?"

"गाडी चालवायचं."

"सायकल बी कधी चालवली न्हाय."

"मग ऐका. ही सांभाळून चालवेल, वर्षानुवर्षं क्लेम करणार नाही, आणि त्याची सूट जमा होईल तुमच्या नावावर. उद्या हिने स्वतःच्या नावाने दुसरी गाडी घेतली की ही परत शून्यावर."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "मंग तुझ्याच नावावर घे की. चालवणार तू, बक्षिसी मला कशाला?"

"नाही बाबा. मी ठरवलंय."

मी हट्टाला पेटले आहे हे काकांना दिसलं. तेव्हा त्यांनी त्यांच्या धंद्यातला शेवटचा मुद्दा काढला.

"बरं, समजा ही गेली."

"अहो!" काकूंचा हात वाढताना थांबला.

"गाडीसकट गेली असं धरा. गाडी हिच्या नावावर असेल तर घरच्यांना पंधरा लाख मिळतात. तुमच्या नावावर असेल तर हे कव्हर मालकाला असतं, आणि मालकाकडे लायसन नाही, म्हणून मिळतच नाही. म्हणजे शून्य."

वेगळा अपघाती विमा काढता येतो, हेही ते पुढे सांगणार होते. पण बाबा पानावरून उठले होते. आमच्याकडे भरल्या पानावरून माणूस उठत नाही. त्यांनी हात धुतला, चप्पल घातली आणि जिना उतरून गेले.

मी मागे धावले. ते गाडीपाशी उभे होते, पिशवी हातात.

"पूजेच्या दिवशी लेकराचं मरण बोलतो हा माणूस? बाप हाय का कोणाचा?"

"नाही बाबा. त्यांना मूल नाही. त्यांचं बोलणं तसंच आहे, मनात काही नसतं."

"मनात नसतं तर तोंडात कुठून येतं?" ते म्हणाले. "मला स्टँडवर सोड. न्हायतर मी चाललो चालत."

ते आता गेले तर या गाडीत कधी बसणार नाहीत, हे मला माहीत होतं. तेवढ्यात काका जिन्यावरून खाली आले. घाईत त्यांनी काकूंच्या चपला घातल्या होत्या. येऊन ते गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले.

मग बाबांनीच विचारलं. "एक सांगा. हिच्या हातून दुसऱ्या कोणाला लागलं, तर ते कोणावर येतं?"

काकांचा चेहरा जरा मोकळा झाला. प्रश्न त्यांच्या कामाचा होता. "चालवणाऱ्यावर येतं आणि मालकावर येतं. विमा असला की पैसे कंपनी देते. पण कोर्टाची नोटीस मालकाच्या घरी जाते."

"म्हंजे गाडी माझ्या नावावर असली तर माझ्या घरी येईल?"

"तुमच्या घरी. तारखेला तुम्हाला बोलावतील."

"हिला न्हाय?"

"हिलाही. पण तुमचं नाव असेलच."

बाबांनी पिशवी गाडीच्या टपावर ठेवली. "मंग माझंच नाव लावा. पंधरा लाखाचं आम्हाला नको. नोटीस येऊ दे माझ्याकडं."

काका माझ्याकडे बघू लागले. मी बाबांकडे बघत होते. इतकी वर्षं जे नाव मला मान म्हणून लावायचं होतं, ते बाबा आता माझ्यापुढे आडवा हात धरावा तसं धरत होते. माझ्यावर येणारं काहीही आधी त्यांच्यावर यावं म्हणून.

"नाही," मी म्हटलं. "आता तर नाहीच. गाडी माझ्या नावावर होईल."

"अगं, पण तूच तर..."

"मीच म्हणत होते. आता मीच नाही म्हणतेय. चला, पानं वाट बघतायत."

ते आले. काकूंनी दोघांनाही ताजा भात वाढला आणि काकांना वालाचं बिरडं जरा कमीच घातलं. जेवणं होईपर्यंत विम्याचा शब्द निघाला नाही. मग काकांनी लॅपटॉप उघडला आणि माझं नाव, पत्ता, लायसनचा नंबर हळूहळू टाकला.

"नॉमिनी," ते म्हणाले, आणि घसा साफ केला. "म्हणजे... वारस. ते पैसे कोणाला द्यायचे ते."

"बाबांचं नाव लिहा," मी म्हटलं.

"माझं न्हाय," बाबा म्हणाले. आवाज शांत होता. "पोरीच्या जिवाचे पैसे घेणारा म्हणून माझं नाव नको."

"अहो, नाव लागतंच. त्याशिवाय पुढे जात नाही."

"मंग तुमचं लिहा. तुम्ही पण काकाच हायसा तिचे. आणि तुम्हाला बोलायला काय वाटत न्हाय."

काकांनी मान हलवली आणि टाइप करायला बोटं ठेवली. ती तशीच राहिली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आयुष्यभर किती गाड्यांच्या पुढच्या सीटवर त्यांनी वाकून बघितलं होतं, कोण जाणे.

"माझं नाही लिहिता येणार," ते म्हणाले. "नात्यातलं माणूस लागतं."

"असा नियम आहे?" काकूंनी विचारलं.

त्यांनी लॅपटॉपवरची बोटं उचलली. मग म्हणाले, "नाही जमत मला."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच खुर्ची त्यांच्या बाजूला सरकवली. "मला बी न्हाय जमत," ते म्हणाले.

शेवटी मी आईला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं. "एवढंच ना? लिहा माझं. कागदाला कागद. पोरगी कुठं जात न्हाय. आणि त्यांना म्हणावं, पूजा झाली की बघत बसू नका, गाडीतून जरा फिरून या."

पूजा झाली. चाकाखाली लिंबू ठेवलं, पण पॉलिसी आल्याशिवाय गाडी हलवायची नाही यावर काका ठाम होते, म्हणून आम्ही चौघंही उभ्या गाडीपाशी थांबलो. थोड्या वेळाने मेल आला. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून मी प्रिंट काढून आणली आणि नेहमीप्रमाणे काकांच्या हातात दिली. सगळं बरोबर आहे ना, ते एकदा बघून घ्या, म्हटलं.

त्यांनी कागद घेतले, पहिलं पान उलटलं आणि वारसाच्या रकान्यापाशी थांबले. मग ते कागद त्यांनी काकूंच्या हातात दिले.

"तू बघ," म्हणाले.

काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला आणि एकेक पान सावकाश वरपासून खालपर्यंत बघितलं, एकही वगळलं नाही.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "काढ गाडी."